खाजनाच्या बांधाबाहेर भर खाऱ्या पाण्यात भात उगवलंय! काढू की ठेवू?

चोडणकर

नमस्कार मंडळी. इथे बहुतेकांचे प्रश्न गुलाबाला कळी का धरत नाही छापाचे असतात. माझा चिखलातला आहे, चालवून घ्या.

नोकरी पणजीत, गाव चोडण. मांडवीच्या काठाला आमचा खाजनाचा एक तुकडा आहे. आजोबा कूळ म्हणून कसायचे, आता काका कसतात, आणि मी रविवारी रायबंदरहून फेरीबोट धरून सल्ले द्यायला जातो. खाजन माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. भरतीचं पाणी आत शिरू नये म्हणून मातीचा बांध असतो आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. भरतीच्या दाबाने ते मिटतं, ओहोटीला उघडतं आणि आतलं पाणी बाहेर जातं. आत पावसाळ्यात कोरगुट भात. बाहेर नदी, चिखल, तिवरं म्हणजे खारफुटी.

तर भानगड बांधाच्या बाहेरची आहे. लहानपणी तिथे निव्वळ चिखल असायचा. खुबे काढायला उतरलो की मांडीपर्यंत रुतायचो आणि एक चप्पल हमखास तिथेच राहायची. आता त्याच जागी, बांधाच्या पायथ्याला लागून, तीसेक पावलं लांब आणि आठ-दहा पावलं रुंद असा हिरवा पट्टा तयार झालाय. लांबून बघाल तर चक्क भाताचं खाचर. मे महिन्यात! आतलं शेत भेगाळलंय, वर मिठाची पांढरी साय धरलीय, आणि बाहेर हे बेटं हिरवंगार. मोठ्या भरतीला अख्खं पाण्याखाली जातं. ओहोटी लागली की पानांवर गाळ घेऊन पुन्हा ताठ उभं.

काका म्हणतात, आपलंच कोरगुट मानशीतून वाहून गेलं आणि रुजलं. शेजारचे म्हणतात, कसलं भात, रानगवत आहे. बांध दोन ठिकाणी खचलाय आणि दुरुस्तीला ज्या जेसीबीवाल्याशी बोलणं चाललंय त्याचं म्हणणं, "हे सगळं मुळासकट खरवडतो, तोच चिखल बांधावर चढवतो. गवतही गेलं, मातीही मिळाली." काकांना हे फार पटलंय, कारण माती बाहेरून आणायची तर टेम्पोचे पैसे. पुढच्या रविवारी कूळ संघाची बैठक आहे, त्याआधी मला काहीतरी ठाम बोलता यायला हवं.

हे खरंच भात आहे का? असेल तर वाऱ्याने पराग उडून आमच्या कोरगुटात भेसळ होईल का? आणि खरवडलं तर काय बिघडेल?

फोटो जोडलेत. मापासाठी धरलेला अंगठा माझाच. तिसऱ्या फोटोत लोंबी आहे, अख्ख्या पट्ट्यात चारच सापडल्या.

जर्सीवाला

अहो, हे हुबेहूब आमच्याकडचं स्पार्टिना! न्यू जर्सीत अटलांटिक सिटीकडे गाडी काढली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना खाडीच्या दलदलीत मैलोन्मैल हेच दिसतं. भरतीत बुडतं, ओहोटीत उभं राहतं, अगदी तुम्ही लिहिलंय तसं. चीनने हेच 1979 साली अमेरिकेतून किनारा धरून ठेवायला म्हणून नेलं आणि आता त्यांना ते आवरत नाहीये. स्पार्टिना असेल तर आजच्या आज उपटा, बैठकीची वाट बघू नका.

बाई_सावंतवाडी

कुणीही काहीही उपटू नका! जर्सीवाले, तुमच्याकडे ते घरचं गवत आहे, चीनमध्ये परकं म्हणून माजलं. पण फोटोतलं स्पार्टिना नाही. (त्या बिचाऱ्याचं नावही 2014 पासून बदललंय, आता त्याला स्पोरोबोलस म्हणायचं. वनस्पतिशास्त्रज्ञांना निवांत बसवत नाही.) त्याचे तुरे दोरीसारखे, अंगाला चिकटलेले असतात. चोडणकरांच्या तिसऱ्या फोटोत दाणे सुटे दिसताहेत आणि चांगले टपोरे आहेत.

माझा अंदाज झालाय, पण तीस वर्षं मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवलं, फोटोवर गुण द्यायची सवय नाही. चोडणकर, पुढच्या ओहोटीला एवढं करा. एक, पानाच्या कडेवरून बोट फिरवा, टोकाकडून देठाकडे, आणि हळू. मग भर दुपारी, पान चार-पाच तास कोरडं राहिलं असेल तेव्हा, त्याची वरची बाजू जिभेला लावून बघा. आणि एक दाणा तळाशी, म्हणजे जिथे देठाला जोडलेला असतो तिथे, भिंगातून पाहा. दोन बारीक खवले आहेत का? काय दिसलं ते लिहा, मग बोलू.

खारेपाटी

चोडणकर दादा, मी पेणच्या बाजूचा. आमच्याकडे मानशीला उघाडी म्हणतात, बाकी सगळी रड तीच. गवताचं बाई सांगतील, मी बांधाचं सांगतो.

बांधाच्या पायथ्याची माती काढून बांधाच्या डोक्यावर घालणं म्हणजे धोतर फाडून फेटा बांधणं. आमच्या खारबंदिस्तीवर हे झालेलं आहे. बाहेरच्या अंगाने मशीन लावून गाळ ओढला, बांध दिसायला उंच झाला, सगळे खूश. पण पायथ्याला चर पडला. पावसाळ्यातल्या अमावास्येच्या भरतीला लाट थेट उभ्या मातीवर आपटली आणि खालून पोखरत गेली. चाळीस फुटांचं खांड पडलं. कार्यालयात खेटे घातले, "पुढच्या वर्षीच्या आराखड्यात घेऊ" हे तीन वर्षं ऐकलं. तोवर शेतात रोज दोन वेळा भरती. पहिल्या वर्षी बेडूक गेले, दुसऱ्या वर्षी तिवराची रोपं आली, तिसऱ्या वर्षी ती कमरेएवढी झाली. आता तिवर तोडता येत नाही, कायदा आहे, आणि सातबाऱ्यावर अजून भातशेती लिहिलंय. माझ्या चुलत्याच्या पाऊण एकरात आज बगळे राहतात.

कायद्यावरून आठवलं. 2011 ची आणि 2019 ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना, दोन्हींत खारफुटीबरोबर खारी दलदलसुद्धा सगळ्यात कडक वर्गात आहे. तुमचा जेसीबीवाला खरवडून निघून जाईल, नोटीस कूळ संघाच्या नावाने येईल.

चोडणकर

बाई, आज सकाळी साडेअकराची ओहोटी साधून गेलो. रजा टाकली, कारण "पोटात दुखतंय".

बोट कापलं. टोकाकडून देठाकडे म्हणालात, हळू म्हणालात, मी पहिलंच ऐकलं. कडेला करवतीसारखे बारीक दाते आहेत, डोळ्यांना नीट दिसतही नाहीत. पान भाताच्या पानापेक्षा जाड, चामड्यासारखं, आणि वरच्या अंगाला लांबलांब वरंबे आणि सऱ्या, कॉर्डरॉयच्या पँटीसारख्या. खालचं अंग त्या मानाने गुळगुळीत.

जीभ लावली. मीठ! मिठाचा भास वगैरे नव्हे, साधं स्वयंपाकातलं मीठ लागावं तसं. मग बॅटरी मारून तिरकं बघितलं तर त्या सऱ्यांमध्ये पांढरे कण चमकत होते. काकांना हाक मारली. त्यांनी आधी मला वेड्यात काढलं, मग एक पान चघळून बघितलं, थुंकले आणि म्हणाले, "लोणच्याला चालेल."

दाणा बघायला भाच्याचं शाळेतलं भिंग नेलं होतं. टरफल भातासारखंच, टोकाला छोटी कूस. तळाशी दोन खवले आहेत, इवलेसे, दोन बाजूंना. मग घरी येऊन कणगीतला कोरगुटचा दाणा त्याच भिंगाखाली धरला. त्यालाही तेच दोन खवले! इतकी वर्षं भात खातोय, कधी बघितलंच नव्हतं.

आणखी एक. एक झुडूप समजून ओढायला गेलो तर ते सुटं येईना. चिखलाखालून पांढरट दोरखंडासारखं मूळ आडवं गेलंय, हातभर लांबीवर त्यालाच पुढचं रोप, पुढे आणखी एक. म्हणजे हा पट्टा म्हणजे शंभर रोपं नाहीत, चार-पाचच असावीत, जमिनीखालून हात धरून उभी.

बाई_सावंतवाडी

शंभरपैकी शंभर. बोटाला हळद लावा.

ते आडवं "मूळ" म्हणजे मूळ नव्हे, खोड आहे, हळदीसारखं जमिनीखालून धावणारं. त्याच्यावरच या गवताचा पसारा चालतो. बी पडतं, पण नवी जमीन हे खोडच काबीज करतं.

आता नाव. ओरायझा कोआर्क्टाटा. ओरायझा म्हणजे भाताचा वंश, तेव्हा काका आणि शेजारी दोघेही अर्धे अर्धे बरोबर. हे भात आहे, पण तुमचं कोरगुट नव्हे. मानशीतून वाहून गेलेलं तर मुळीच नाही. कोरगुट खारं पाणी सोसतं म्हणतो आपण, पण ते कसं? पावसाने शेतातलं मीठ धुऊन निघाल्यावर पेरायचं आणि मांडवी पुन्हा खारी व्हायच्या आत कापायचं. हे बाहेरचं बाराही महिने तिथेच असतं. पावसाळ्यात नदी गोडी होते तेव्हाही, आणि मे महिन्यात समुद्र पार वरपर्यंत चढतो तेव्हाही.

कसं जमतं ते तुम्ही जिभेने तपासलंत. पानाच्या त्या सऱ्यांमध्ये एकेका पेशीचे अतिसूक्ष्म केस असतात. रोप नको असलेलं मीठ त्या केसांत नेऊन साठवतं. केस भरला की फुटतो, मीठ पानावर येतं, भरती येऊन धुऊन नेते आणि त्या जागी नवा केस. नदीने आणलेलं मीठ नदीलाच परत. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

वंशावळ थोडी गमतीची आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख रॉक्सबर्ग याने हे नाव दिलं, छापून आलं 1832 साली, तोवर तो जाऊन सतरा वर्षं झाली होती. 1965 साली तातेओका या जपानी शास्त्रज्ञाने ठरवलं की हे भाताहून फारच वेगळं आहे, आणि पोर्तेर या फ्रेंच माणसाच्या नावावरून पोर्टेरेशिया नावाचं वेगळं घर त्याला बांधून दिलं. पुढे गुणसूत्रं आणि जनुकं तपासली तर निघालं की हे भाताच्याच कुटुंबातलं, मग परत माहेरी आणलं. जुन्या पुस्तकांत पोर्टेरेशिया असं दिसलं तर गोंधळू नका.

कुठे उगवतं, हे कुणी विचारलं नाही, पण खरी गोम तिथेच आहे. सिंधूच्या मुखापासून ब्रह्मदेशापर्यंत हे मिळतं, पण समुद्राकाठी सरसकट नाही. पुळणीवर नाही, खडकावर नाही. त्याला नदीचं मुख लागतं. जिथे गोडं आणि खारं पाणी रोज एकमेकांत मिसळतं, वर मऊ गाळ बसतो आणि दिवसातून दोनदा भरती चढून उतरते. तुमच्या मांडवी-झुआरीला त्याचे चांगले पट्टे आहेत. सर्वात मोठं राज्य अर्थात सुंदरबनात. तिथे त्याला धानी घास म्हणतात, बांगलादेशात उरी. तिकडे नदीने नवं बेट वर काढलं की त्यावर पहिल्यांदा राहायला येणाऱ्यांत हे असतं. पानांनी पाण्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो, खोडं तो शिवून टाकतात, जमीन बोट-बोट वर येते. मग तिवराचं वाहत आलेलं बी त्यात अडकतं. तुमच्या चिखलात चप्पल अडकायची तसं. सुंदरबनात खारफुटी पुन्हा उभी करताना आधी हे गवत लावायचं, असे प्रयोगही झालेत.

म्हणजे तुमच्या बांधासमोर कुणीतरी फुकट दुसरा बांध घालायला घेतलाय. जेसीबीवाला तो मोडून पहिल्यावर चढवायचं म्हणतोय.

अडकलेला_पीएचडी

भेसळीचं मी सांगतो, कारण भाताच्या संकरावर माझी पाच वर्षं गेलीत आणि गाईड अजून सही करत नाही.

पराग उडून कोरगुट बिघडेल ही भीती सोडा. आपल्या भाताला 24 गुणसूत्रं, याला 48, आणि संचही पार निराळा. जगभरचे लोक उलट या दोघांचं लग्न लागावं म्हणून देव पाण्यात ठेवून बसलेत, मीठ सोसणारं भात हवंय म्हणून. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 2013 साली जाहीर केलं की आयआर 56 या वाणाशी संकर जमला. किती प्रयत्नांत? 34 हजार संकर केले, त्यातून तीन गर्भ हाती लागले, आणि त्यांतला एक रोप म्हणून उभा राहिला. तोही आईच्या दाण्यात नव्हे, काढून पोषक द्रवात वाढवला तेव्हा.

पगारी माणसांना प्रयोगशाळेत चिमटे घेऊन जे इतकं जड गेलं, ते तुमच्या बांधावरून वारा करून दाखवणार असेल तर मला फोन करा. माझा प्रबंध त्याच दिवशी पूर्ण होईल.

खारेपाटी

हे वाचून बरं वाटलं. आमच्या पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने राता भातातून निवड करून वाण काढले, ते आमच्याकडे वर्षानुवर्षं लावतात. पण मातीची क्षारता (डेसीसिमेन्स प्रति मीटरमध्ये मोजतात ती) 3 च्या वर गेली की साधं भात कुरकुर सुरू करतं आणि राताही एका मर्यादेपर्यंतच साथ देतो. तुमच्या त्या गवताला 20 असली तरी पर्वा नाही म्हणे. एक प्रामाणिक प्रश्न, बाई: मग हेच का नाही खायचं? पेरणी नको, राखण नको, खत तर नकोच.

बाई_सावंतवाडी

पट्ट्यात लोंब्या किती सापडल्या, आठवा. चार! आणि दाणा पिकला की गळून चिखलात जातो, कापणीची वाट बघत नाही. तुमच्या ताटात यायला त्याला काही पडलेली नाही.

जर्सीवाला

माझा अंदाज चुकला, मान्य. पण "आजच उपटा" हे मी इतक्या जोरात लिहिलं होतं की बायकोने वाचून विचारलं, कुणाचं घर पाडताय.

चोडणकर

बैठक झाली. उशिरा लिहितोय, माफ करा.

आधी मी शास्त्र सांगायला गेलो. गुणसूत्रांपाशी पोचेपर्यंत दोघं उठून बाहेर विडी ओढायला गेले. मग खारेपाटींचं धोतर-फेटा सांगितलं, तेव्हा सगळे हसले आणि ऐकायला लागले. पण खरं काम काकांनी केलं. त्यांनी खिशातून एक पान काढलं आणि म्हाताऱ्यांच्या हातात फिरवलं, "चाटून बघा." सात-आठ माणसं बैठकीत गवत चाटताहेत, असं दृश्य आमच्या संघाने यापूर्वी पाहिलेलं नाही.

त्यातल्याच एका आजोबांनी विषय मार्गी लावला. म्हणाले, माती माती काय करताय, मानशीच्या आत पोंय गाळाने भरलीय ती उपसा. बाहेरच्यांसाठी सांगतो: मानशीच्या आतल्या अंगाला पाणी साठायला जो खोल खड्डा असतो ती पोंय. ती बुजली की पावसाचं पाणी निघायला वेळ लागतो, मासळीही कमी होते. पूर्वी दरवर्षी उपसायचे आणि तोच गाळ बांधाला लावायचे. मग मानशीच्या मासळीचा लिलाव व्हायला लागला. पावणी, म्हणजे तो लिलाव, घेणाऱ्याला मासळीशी काम, पोंय उपसायची कुणी, यावर गेली दहा वर्षं भांडणच चाललंय. रात्री मासळीसाठी दार उघडं ठेवून खारं पाणी आत घेतात ही तक्रार निराळी, ती इथे काढली तर धागा संपायचा नाही.

ठरलं असं की मानशीपासून पहिला पन्नास पावलांचा गाळ माणसं लावून काढायचा. खचलेल्या दोन जागी आधी दगड, मग तो गाळ. जेसीबीवाला रागावून गेला. जाताना म्हणाला, गवताची पूजा करा आता.

काल गेलो होतो. पट्ट्याच्या नदीकडच्या कडेला बांबूच्या दोन काठ्या रोवून आलोय, पुढच्या मेपर्यंत तो किती सरकतो ते बघायला. गवतात दोन तिवराची रोपं अडकलेली दिसली, चार पानांची. काकांनी ती बघून लगेच तोंड वाकडं केलं. ती बांधाच्या बाहेर आहेत तोवर आपली दोस्तच, असं मी म्हटलं, पण खारेपाटींच्या चुलत्यांचे बगळे माझ्याही डोळ्यांपुढे आले.

बाई, एक राहिलं. त्या चार लोंब्यांतले अकरा दाणे मी काडेपेटीत घालून खिडकीत ठेवलेत. घरी कुंडीत लावून बघायचा विचार आहे. पाणी कुठलं घालू, नळाचं की नदीचं?

बाई_सावंतवाडी

काडेपेटीत? किती दिवस झाले?

चोडणकर

तीन आठवडे.

बाई_सावंतवाडी

मग पाण्याचा प्रश्नच मिटला. हे बी वाळलं की मरतं. ओल्या चिखलात पडून लगेच रुजायचं एवढंच त्याला ठाऊक, कणगीत राहायची सवय नाही. खोडाचा वीतभर तुकडा आणा, दोन पेरं असलेला, चिखलासकट, ओल्या फडक्यात गुंडाळून. पट्ट्याच्या आतल्या बाजूचा घ्या, काठ्यांजवळचा नको. आणि हातमोजे घाला.